गरम झाल्यावर

चार्जिंगची तक्रार घेऊन जी मोटरसायकल येते, तिच्यात बॅटरी बहुतेक वेळा नवीकोरी असते. आधीच्या गॅरेजनं ती बदललेली असते, दोन-चारशे किलोमीटर गाडी नीट पळते आणि मग ती नवी बॅटरीही उतरून गाडी पुन्हा रस्त्याच्या कडेला उभी राहते. गेल्या नोव्हेंबरात उंब्रजहून छोट्या हत्तीत चढवून एक टूरिंग गाडी माझ्याकडे आणली, तिच्यात तर बॅटरीही नवी होती आणि आर आर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, तेही नवं होतं. दोन्हींची बिलं गाडीबरोबर आलेल्या जोडप्यातल्या काकूंनी पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवली.

माझं गॅरेज कराडला, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून आहे. गोव्याला, बंगळूरला, त्याच्याही खाली जाणारे रायडर इथूनच जातात. हे जोडपं अमरावती जिल्ह्यातलं. सर तिकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, काकू पोस्टातून. पुण्यात मुलीकडे मुक्काम करून दोघं कन्याकुमारीला निघाले होते. तिथल्या विवेकानंद शिलास्मारकाचं काम ज्यांनी तडीस नेलं ते एकनाथजी रानडे मूळचे अमरावती जिल्ह्यातले. सर ही गोष्ट वर्गात सांगत आले होते, पण १९७० साली उभं राहिलेलं ते स्मारक त्यांनी स्वतः पाहिलं नव्हतं.

"रेल्वेनं जाता येते, हे मालेबी समजते भाऊ," सर म्हणाले. "पण जायचं तं हिच्यावरच."

गाडी उतरवली की लगेच मी पान्याला हात लावत नाही. आधी विचारतो. बंद पडायच्या आधी दिवे मंद झाले का? हॉर्नचा आवाज बसला का? मीटरवर कुठला दिवा लागला? किती वेळानं पुन्हा चालू झाली? बहुतेकांना यातलं काही आठवत नाही आणि त्यात त्यांचा दोष नाही. मागून ट्रक येत असताना माणूस गाडी कडेला कशी घ्यायची ते बघणार. काकूंनी मात्र वही उघडली. हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर बसवलेला होता. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर सर आकडा सांगायचे आणि मागे बसून काकू तो वेळेसकट लिहायच्या. त्या दिवशीचं पान असं होतं:

"६.३० – १४.१. ७.१५ – १४.०. ७.३५ – १३.२. ७.४५ – १२.६. सुरूरला नाश्ता. ८.३५ – १३.९. ९.१० – १३.०. ९.२५ – १२.२. ९.३५ – ११.६, एबीएसचा दिवा. ९.४० – बंद."

मी ते पान दोनदा वाचलं आणि काकूंना म्हटलं, "काकू, माझं निम्मं काम तुम्ही करून आणलंय." ते खरंच होतं. पूर्ण भरलेली बॅटरी नुसती उभी असताना १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू आहे आणि चार्जिंग ठीक आहे, तर तिच्या टोकांवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा मिळायला हवा. चालत्या गाडीत १२.६ दिसलं, म्हणजे गाडी जेवढी वीज खाते तेवढी तयार होत नाही, आणि तूट बॅटरी भरून काढते आहे. व्होल्टेज असं पडत गेलं की एबीएस स्वतःला बंद करून घेतं, पेट्रोलचा पंप दाब धरत नाही, इंजिन अडखळतं आणि थांबतं.

सरांचं मत होतं की खंबाटकी घाट चढताना लोड येतो म्हणून हे होतं. पण दुसऱ्यांदा आकडा पडला तो सातारा ते उंब्रज या पट्ट्यात, आणि तिथं घाट नाही. वहीत दुसरी गोष्ट दिसत होती. सकाळी थंड गाडी निघाली तेव्हा आकडा पडायला तासाच्या वर वेळ लागला. नाश्त्यानंतर निघाली तेव्हा अर्ध्या-पाऊण तासातच पडला, कारण तेवढ्या वेळात इंजिन पुरतं निवलं नव्हतं. दोष घाटाबरोबर येत नव्हता, उष्णतेबरोबर येत होता.

या गाड्यांत वीज तयार होते ती इंजिनच्या डाव्या कव्हरच्या आत. क्रँकला बसवलेला मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या पोटात कव्हरला घट्ट बसवलेली कॉइल असते. आपल्याकडे गॅरेजमध्ये तिला कॉइल प्लेट म्हणतात. तिच्यातून तीन वायरी बाहेर येतात, एकेका फेजची, म्हणजे वेढ्यांच्या एकेका गटाची, एक, आणि एका कपलरमधून आर आर युनिटला जातात. ते युनिट एसीचं डीसी करतं आणि व्होल्टेज चौदाच्या आसपास बांधून ठेवतं. गरम झाल्यावर दगा देणारे यात तिघं: कॉइल, कपलर आणि आर आर युनिट. आधीच्या गॅरेजनी यातलं एक बदललं होतं, आणि जिचा यात दोष नव्हता ती बॅटरीही बदलली होती.

उतरलेल्या बॅटरीवर चार्जिंग तपासायचं नाही हा माझा नियम आहे. कण्हणारी बॅटरी सगळे आकडे खाली ओढते आणि भलत्याच भागावर संशय जातो. त्यांची बॅटरी चार्जरला लावली आणि माझी भरलेली बॅटरी गाडीत जोडली. सेल्फ मारताना १०.६ च्या खाली गेली नाही. ४००० आरपीएमला १४.२. मग इंजिन बंद करून तीन वायरींचं कपलर सोडवलं, पुन्हा चालू केलं आणि मीटर एसीवर ठेवून एकेका जोडीवर लावला. ४००० ला तिन्ही जोड्या ५९ च्या आसपास. कॉइलचा रेझिस्टन्स तिन्हीकडे सारखा, मीटरच्या स्वतःच्या वायरींचा ०.२ ओहम वजा करून ०.४. कॉइल ते इंजिनची बॉडी, काहीच नाही, म्हणजे अर्थला लागलेली नाही. आर आर युनिटचे डायोड एका बाजूनं वीज सोडतात, दुसऱ्या बाजूनं नाही, जसं हवं तसं.

थोडक्यात, गाडी ठणठणीत होती. टेम्पो मिळून इथं पोचेपर्यंत दीड-दोन तास गेले होते, इंजिनला हात लावला तर गार. आधीच्या दोन्ही ठिकाणी गाडी अशीच गार असताना तपासली गेली असणार असं मला वाटतं. थंड गाडीवर घेतलेला प्रत्येक आकडा खरा असतो, पण तो फक्त थंड गाडीबद्दल सांगतो.

उंब्रजच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी सरांना सांगितलं होतं की गाडी चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढा, बंद पडली तर चार्जिंग नाही. सरांनी ते ऐकलं नाही, फार बरं केलं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर मेकॅनिक हे करायचे. इंजेक्शनच्या गाडीत चालू इंजिनवर बॅटरी तोडली तर व्होल्टेज क्षणात उसळी मारतं आणि ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, जळू शकतो. ज्याची किंमत बॅटरीच्या कितीतरी पट आहे तो भाग अशा तपासणीत घालवायचा का? हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात सांगतो.

आता गाडी गरम करणं आलं. गॅरेजमध्ये उभी करून रेस देत बसण्यात अर्थ नाही, रस्त्यावरची उष्णता आणि रस्त्यावरचा लोड दोन्ही हवं. साइड पॅनेल आधीच काढून ठेवलं, कपलर हाताशी राहील असं मोकळं केलं. बॅटरीच्या टोकांवरून दोन लांब वायरी घेऊन माझा मीटर टाकीवर पट्ट्यानं बांधला, कारण हँडलवरच्या छोट्या मीटरवर मला निकाल द्यायचा नव्हता. पोराला सांगितलं, मी आलो की दुसरा मीटर एसीवर लावून तयार उभा राहा, माझ्याकडे दोन-तीन मिनिटंच असतील. सरांना मागे बसवलं आणि पेठ नाक्याच्या दिशेनं निघालो.

हेडलाइट तर चालूच होता. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींना तो बंद करायचं बटणच नाही. वर त्यांनी बसवलेले दोन जादाचे दिवे चालू केले, फोन चार्जिंगला लावला. गळीत हंगाम सुरू झालेला, त्यामुळे सर्व्हिस रोडवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. मुख्य रस्त्यावर मी ५००० च्या आसपास आरपीएम धरून ठेवला. जाताना सगळा वेळ १४.१. नाक्यावरून वळलो, थांबलो नाही, परत एकदा खाली जाऊन आलो. दुसऱ्या फेरीत कासेगावच्या अलीकडे सरांनी खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, तेरा पॉइंट चार." मग १३.१. कराडचा पूल दिसेपर्यंत १२.७.

गॅरेजमध्ये शिरलो ते इंजिन चालू ठेवूनच. पहिलं काम वायरींचं. ४००० वर धरून मीटरचं एक टोक आर आर युनिटच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला: ०.१२ व्होल्ट. निगेटिव्ह ते निगेटिव्ह: ०.०६. मधल्या वायरींत, फ्यूजमध्ये किंवा अर्थच्या बोल्टवर गंज असता, तर इथं अर्धा-एक व्होल्ट हरवलेला दिसला असता. वायरिंग सुटलं. लगेच इंजिन बंद, कपलर सोडवलं, पुन्हा सेल्फ, पुन्हा ४०००. पोरानं आकडे वाचले. "अठ्ठावन्न. चव्वेचाळीस. त्रेचाळीस."

दोष सापडला. कपलर सुटलेलं असताना आर आर युनिटचा कॉइलशी संबंधच राहत नाही, म्हणून तेही सुटलं. राहिली कॉइल. पहिल्या आणि दुसऱ्या वायरीत ५८ मिळतात, म्हणजे त्या दोन्ही फेज चांगल्या. बाकीच्या दोन्ही जोड्या पडल्या आणि त्या दोन्हींत तिसरी वायर आहे. गरम झाल्यावर तिसऱ्या फेजचे वेढे आपसात शॉर्ट होत होते. तांब्याच्या तारेवरचं इनॅमल कुठंतरी जळून पातळ झालं होतं. तार गरम होऊन फुगली की वेढ्याला वेढा टेकायचा, निवली की पुन्हा सुटायचा. अर्थला काही लागलेलं नव्हतं, त्यामुळे त्या तपासणीत हे कधीच दिसलं नसतं. ओहममध्येही दिसलं नसतं, कारण ०.४ चा ०.३ झाला तर साध्या मीटरवर कोण ओळखणार.

सर माझ्या वहीतले थंड आणि गरम आकडे शेजारी शेजारी मांडून बघत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "तिसऱ्या फेजचा निम्मा भाग गेला असंन, तं हिशेब बरोब्बर जुळते." मी म्हटलं, कव्हर उघडलं की कळेल.

कव्हर उघडायच्या आधी ऑइलची काच बघितली. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी, इंजिन बंद करून पाच मिनिटं झालेली, तरी ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. याचा कॉइलशी थेट संबंध आहे. या इंजिनात कॉइल ऑइलच्या तुषारांवरच गार होते, तिला दुसरा वारा मिळत नाही. दिवसभर ताशी ९० ते १०० च्या वेगानं, दोन माणसं आणि तीन पेट्या घेऊन चालणारी गाडी शहरातल्या गाडीपेक्षा जास्त ऑइल खाते. सर्व्हिसच्या तारखा सरांनी चुकवल्या नव्हत्या. पण दोन सर्व्हिसच्या मधे ऑइलची पातळी बघायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यानं गाडी ताब्यात दिली त्याचं हे काम होतं, आणि याचा मला राग येतो.

कव्हर काढताना बोटं सांभाळावी लागतात, आतला मॅग्नेट ते सहजी सोडत नाही. सुटलं आणि जळक्या वार्निशचा वास गॅरेजभर पसरला. कॉइलला १८ पोल, म्हणजे तार गुंडाळलेले दात, एका फेजला सहा, म्हणजे दर तिसरा पोल एकाच फेजचा. ऑइल जिथं कमीत कमी पोचतं त्या वरच्या अर्ध्या भागातले सगळे पोल तपकिरी पडले होते आणि त्यातले तीन पार काळे. प्रत्येक दोन काळ्यांच्या मधे बरोबर दोन पोल. सहापैकी तीन! सरांनी बोट ठेवून मोजले आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता. फॅरेडेचा १८३१ सालचा शोध, फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम, हे सगळं त्यांनी इतकी वर्षं फळ्यावर शिकवलं होतं. माझ्याकडचा पोरगा दहावीला विज्ञानात अडकलेला. सरांनी त्याला शेजारी बसवलं, उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट कसं धरायचं ते दाखवलं, एक सुटा मॅग्नेट कॉइलजवळ हातानं फिरवून मीटरची सुई हलवून दाखवली. पोरानं पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं.

पुण्याला आणि कोल्हापूरला फोन केले. नवी कॉइल दोन्हीकडे शिल्लक नव्हती, मागवावी लागणार होती आणि कधी येईल ते कुणी सांगेना. तेव्हा मी कॉइल पिशवीत घातली आणि सरांना घेऊन ओगलेवाडीला आप्पांकडे गेलो. ही ओगलेवाडी म्हणजे प्रभाकर कंदील जिथं तयार व्हायचे ती. आप्पा मोटारी भरतात, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळतात. कृष्णाकाठच्या उसाला पाणी पाजणाऱ्या मोटारी कमी व्होल्टेजनं, सिंगल फेजिंगनं, म्हणजे तीनपैकी एक फेज गेल्यानं, जळतात, आणि शेतकऱ्याचं पाणी थांबू नये म्हणून रात्रीत भरून द्याव्या लागतात. आमच्या भागातल्या प्रत्येक गावाला असा एक माणूस माहीत असतो. मोटरसायकलची कॉइल म्हणजे तीच तीन फेजची विद्या छोट्या जागेत, फक्त इथं चूक चालत नाही, कारण ही कॉइल गरम ऑइलमध्ये आणि हादऱ्यांत राहते.

आप्पांनी आधी मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावला. ५०० व्होल्टवर अर्थचं इन्सुलेशन अजून शाबूत होतं, ते म्हणाले गाभा वाचलाय. मग एका चांगल्या पोलची तार सोडवत वेढे मोजले, कागदावर लिहिले, कुठला पोल कुठल्या दिशेनं गुंडाळलाय त्याचे बाण काढले. तारेची जाडी मायक्रोमीटरनं मोजली, तीही इनॅमल जाळून, नुसत्या तांब्याची. पाणबुडी मोटारीची प्लास्टिक गुंडाळलेली तार इथं चालत नाही, ती ऑइलच्या उष्णतेत विरघळेल. त्यांच्याकडे २०० डिग्री क्लासची दुहेरी कोटिंगची तार होती, तीच घ्यायची असं आधीच ठरलं. गाभ्यावरचं कोटिंग जिथं उडालं होतं तिथं त्यांनी काचेच्या धाग्याची टेप बसवली आणि हातानं भरायला घेतलं. एवढी जाड तार कोपऱ्यावर वळवताना तिच्यावर जरासा ओरखडा गेला तरी तिथंच ती पुढं जळणार. म्हणून आप्पा वेढा बसवायला स्क्रूड्रायव्हर वापरत नाहीत, बांबूची घासून गुळगुळीत केलेली पट्टी वापरतात. प्रत्येक थर बसला की अंगठ्यानं चाचपायचे. एक वेढा त्यांना सैल वाटला, तर अख्खा पोल उकलून त्यांनी पुन्हा भरला. मी काही बोललो नाही आणि सरही बोलले नाहीत, पण दोघंही जागचे हललो नाही. नवी कॉइल विकत मिळाली असती तरी मी यापेक्षा जास्त विश्वासानं बसवली नसती, असं मी मनापासून सांगतो.

संध्याकाळी कॉइल वार्निशमध्ये बुडवून पत्र्याच्या कपाटात हीटर बसवून केलेल्या भट्टीत ठेवली. वार्निश आतपर्यंत वाळल्याशिवाय आप्पा कॉइल देत नाहीत, कुणी कितीही घाई केली तरी. सर नि काकू जवळच्या लॉजवर थांबले.

तोवर मला आर आर युनिटचं बघायचं होतं. त्यांच्या गाडीत नव्यानं बसवलेलं युनिट खराब नव्हतं, पण ते शंट जातीचं होतं. शंट युनिट जादा झालेली वीज कॉइललाच शॉर्ट करून जिरवतं. विहिरीवरची मोटार अखंड चालू ठेवून टाकी भरल्यावर जादाचं पाणी पुन्हा विहिरीत सोडावं, तसं. टाकीतून तुम्ही पाणी घ्या नाहीतर घेऊ नका, मोटार दमायची तेवढी दमतेच. म्हणून जादाचे दिवे बंद ठेवले की कॉइल वाचेल, हा बऱ्याच रायडरांचा समज बरोबर नाही. दिवे बंद केल्यानं बॅटरी वाचते, कॉइलमधला करंट जवळपास तेवढाच राहतो. सिरीज जातीचं युनिट मात्र गरज नसेल तेव्हा कॉइलची वाटच तोडतं, त्यामुळे कॉइल खरोखर गार राहते. या गाडीला बसणारं तसं युनिट कोल्हापूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे होतं. त्यानं ते सकाळच्या एसटीनं पाठवून दिलं.

कपलरही बदललं. एक पिन तपकिरी झाली होती. तिच्यामुळे गाडी बंद पडत नव्हती, पण पुढं पडली असती. साधा हिशेब आहे: १५ अँपियर करंट आणि सांध्यात ०.२ ओहम जरी अडथळा आला, तरी १५ गुणिले १५ गुणिले ०.२, म्हणजे ४५ वॅटची उष्णता त्या नखाएवढ्या जागेत. माझं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं आहे. नव्या पिना क्रिम्प करून, वर सोल्डर देऊन, पाणी न शिरणारं कपलर बसवलं.

सकाळी आप्पांकडून कॉइल आली. मेगरवर १०० मेगओहमच्या वर. कव्हर डिझेलनं धुऊन वाळवलं, मॅग्नेटला तडा नाही ना, त्याला लोखंडाचा चुरा चिकटलाय का, हे बोटानं नि टॉर्चच्या उजेडात बघितलं. कॉइलचे बोल्ट लॉक लावून टॉर्कनं आवळले, वायरी जिथून बाहेर येतात त्या रबराला सीलंट दिलं, नवं गॅस्केट घातलं. जुन्या ऑइलमध्ये जळक्या वार्निशचे कण असणार, म्हणून ऑइल, फिल्टर बदलले, जाळी धुतली. चेन ताणली, मागच्या टायरमध्ये दोन माणसांच्या वजनाची हवा भरली, जादाच्या दिव्यांची अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणली. आधी ती टाकीखालच्या एका रंगवलेल्या बोल्टवर दिली होती, आणि रंगातून अर्थ नीट मिळत नाही.

मग पुन्हा पेठ नाका, पुन्हा त्याच दोन फेऱ्या, तेच दिवे चालू, तोच आरपीएम. या वेळी काकू म्हणाल्या, "आता मी बसते, मले आकडे लिहायचे हायत." कासेगाव गेलं, १४.२. दुसरी फेरी, १४.२. पुलावर १४.१. गॅरेजमध्ये आल्या आल्या पोरानं कपलर सोडवून गरम कॉइलचे आकडे घेतले: ५९, ५९, ५८. त्यानं ते मोठ्यानं वाचले आणि सरांनी त्याची पाठ थोपटली.

निघताना मी सरांना ऑइलची काच कशी बघायची ते करून दाखवलं: इंजिन गरम, मग बंद, पाच मिनिटं थांबायचं, मेन स्टँडवर सपाट जमिनीवर, आणि दर दुसऱ्या पेट्रोलच्या थांब्याला. अर्धा लिटर ऑइल पेटीत बांधून दिलं. काकूंच्या वहीत लिहून दिलं की चालत्या गाडीत आकडा १३ च्या खाली गेला तर आधी जादाचे दिवे बंद करायचे, मग फोनचं चार्जिंग, आणि जवळच्या गावापर्यंत सेल्फ न मारता, गाडी बंद न करता पोचायचं. आर आर युनिट आणि कपलर कुठं आहे त्याचं चित्र काढून दिलं, म्हणजे तामिळनाडूत भाषा कळली नाही तरी तिथल्या मेकॅनिकला दाखवता येईल. आणि एक गोष्ट अधोरेखित केली: कुणीही चार्जिंग तपासलं, तर गाडी गरम असताना तपासायला सांगा.

दुपारी दोघं निघाले. मी ट्रॅक्टरच्या सेल्फचं काम हातात घेतलं, ते सकाळपासून थांबलं होतं. रात्री धारवाडहून सरांचा फोन आला.

"भाऊ, चौदा पॉइंट दोन."

"मुक्कामाला पोचल्यावर घेतला का आकडा?"

"नाई. गाव यायच्या आधी, चालत्या गाडीवर. कोल्हापुरातून निघाल्यापासून कुठं थांबलोच नाई, इंजिन चांगलं तापलेलं होतं. हिनं लिहून ठेवलंय."